वाटणीला आलेली धुरपताबाई

“प्रार्थनेच्या चटईवर बसून पोटातलं सारं ओतत नको जाऊ, पोरी,” हंसाबाईनं सुनेला बजावलं होतं. “देवाले सांगाचं ते डोये मिटून सांग. बायायले सांगाचं ते डोये उघडे ठेवून.”

इंदूनं ते हसण्यावारी नेलं. सासू फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाली, तरी माणसांवरचा तिचा अविश्वास काही बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुऊन निघाला नाही, असं इंदूचं मत होतं. इंदू स्वतः नागपुरात कॉलेज शिकलेली. एकमेकींचं ओझं वाहायचं म्हटल्यावर ओझं काय आहे ते आधी सांगायला नको का? सांगितल्याशिवाय उचलणार काय, कपाळ?

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच्या पुढच्या वर्षी इंदूचा नवरा सेवादास राजूरच्या कोळशाच्या खाणीत हजेरी घेणारा बाबू म्हणून लागला. खाणीच्या चाळींना तिथं लाइन म्हणत. दुसऱ्या लाइनीतलं शेवटचं घर त्यांना मिळालं. एका बाजूनं चुनाभट्ट्यांचा धुरळा, दुसऱ्या बाजूनं कोळशाचा. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं कोणत्या रंगाचं होऊन हाती येईल ते वारा ठरवी. ख्रिस्ती घरं थोडीच. पण प्रार्थनाघर होतं, रविवारी वणीहून सायकलीवर येणारे पाळकसाहेब होते, आणि दर शुक्रवारी बायकांची सभा होती.

या सभेचा एक नेम होता. चटईवर गोल बसायचं. गीत व्हायचं, शास्त्रपाठ व्हायचा. मग प्रत्येकीनं आपल्या डाव्या हाताला बसलेल्या बाईचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायची. आणि त्या घटकेपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत ती बाई तुमची वाटणी. तिच्या घरी डोकवायचं, दुखलंखुपलं बघायचं, लागलं तर नळावरून दोन घागरी आणून द्यायच्या. दुसरीनं मध्ये पडायचं नाही. पडली तर जिची वाटणी तिचा अपमान.

हा नेम धुरपताबाईनं घालून दिलेला. धुरपताबाई म्हणजे मिशनची जुनी बायबलबाई. खांद्याला झोळी अडकवून थेट मुकुटबनपर्यंतची खेडी तिनं पायी तुडवलेली. आता प्रार्थनाघरामागच्या एका खोलीत एकटीच राही. अंगानं सुकलेली, पण आवाज असा की बाजाराच्या दिवशी शास्त्र वाचायला उभी राहिली तर भाजीवाले भाव सांगायचे थांबत. इंदू तिला मावशी म्हणे. राजूरला आल्यावर पहिल्या आठवड्यात घरात पीठ नव्हतं, तेव्हा पिठाची परात घेऊन तीच आली होती. इंदूचा जीव जडला तो त्या परातीवर.

मग इंदूच्या तान्ह्या लेकीला, जमनीला ताप आला.

जमनी हे सासूनं ठेवलेलं हाकेचं नाव. ख्रिस्ती मंडळीत द्यायचं नाव इंदूनं मनात ठरवलं होतं. बाप्तिस्म्याचा रविवारही ठरला होता. त्याच्या आधी लेकराचं अंग तापलं, डोळे वर गेले, मुठी आवळल्या आणि ओठ जांभळे पडले. सेवादास खाणीवर. इंदूनं ओरडून चाळ गोळा केली. शेजारची खैरुनबी धावत आली. खाणीच्या वर्कशॉपात मिस्त्री असलेल्या जफरची ती बायको. तिनं पोरीला ओल्या फडक्यात गुंडाळलं, आपल्या मुलाच्या गळ्यातला ताईत उतरवून काळ्या दोऱ्यासकट तिच्या गळ्यात घातला. घटकाभरानं झटका ओसरला. त्या वेळी कोणी झाडाचं पान बांधलं असतं, तरी इंदूनं बांधू दिलं असतं.

वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, “तापातले झटके आहेत. मिरगी नव्हे. वाढत्या वयात जातात.” इंदू त्यानंतर दिवसातून कितीदा तरी पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघू लागली. त्या आठवड्यात ती धुरपताबाईच्या वाटणीला होती. चुलीपुढे बसून तिनं सगळं सांगितलं: झटका, ताईत, आणि मन खातंय तेही. “मावशी, कुठं बोलू नका.”

“माह्या पोटात राहीन, माय,” म्हणून धुरपताबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी धुरपताबाईला प्रार्थना करायला सांगितलं. ती उभी राहिली, डोळे मिटले, आणि म्हणाली, “प्रभू, आमच्या एका बहिणीवर दया कर. नाव मी घेत नाही, तुले ठाऊक आहे. कालेज शिकली, पण लेकराले मिरगी आली तवा तुले सोडून ताइताले शरण गेली. दुसऱ्या लाइनीत शेवटचं घर आहे तिचं. तिथी जाऊन तिले हात दे.”

जसा काही देवाला पत्ता हवा होता!

मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, बाप्तिस्मा पुढं ढकलायचा आणि इंदूनं पश्चात्ताप दाखवीपर्यंत प्रभुभोजनाच्या पवित्र भाकरी-प्याल्याला हात लावायचा नाही. तेही तिनं गिळलं असतं. गिळवला नाही तो एक शब्द. मिरगी. नळावर बायका आपली पोरं जवळ ओढून घेऊ लागल्या. जमनीला रोज तेल लावायला येणारी मानीबाई हाताला पुरळ उठलं आहे सांगून येईनाशी झाली. कोणी हळहळून म्हणालं, “पोरीची जात न व, पुढं लगनाले...” नऊ महिन्यांच्या लेकराच्या कपाळावर गावानं तो शब्द गोंदून टाकला.

इंदू तडक प्रार्थनाघरामागं गेली. “धुरपताबाई,” ती म्हणाली. मावशी तिच्या तोंडून गेली ती तेव्हाच. “तुम्ही त्याच जागी उभं राहून सांगायचं, सगळ्यांदेखत. ती मिरगी नाही, मी चुकले, इंदूची माफी मागते.”

“माफी देवापाशी मागतेत. माणसापाशी नाही.”

“मग माझं गुपितही देवापाशीच सांगायचं होतं. मंडळीत कशाला?”

“अव, मंडळीतच त देव असते!” म्हणून धुरपताबाईनं सूप उचललं आणि ज्वारी पाखडायला घेतली. फोल उडून इंदूच्या तोंडावर आलं.

त्या दिवसापासून इंदूला दुसरी भूक राहिली नाही. धुरपताबाईच्या तोंडून ते शब्द, त्याच जागी, त्याच आवाजात. ताईत काढावा असं आता तिच्या मनातसुद्धा येईना. उलट झबल्याच्या वर, चारचौघांना दिसेल असा तिनं तो ठेवला. सेवादास म्हणे, “सोड न आता. म्हातारी बाई आहे.” इंदू म्हणे, “म्हाताऱ्या आहेत म्हणूनच घाई आहे.” सासू काही बोलत नसे. ‘मी सांगितलं होतं’ एवढं तरी तिनं म्हणावं, म्हणजे तिच्यावर ओरडता येईल, असं इंदूला वाटे.

शुक्रवारची सभा तिनं सोडली नाही. तिच्या शेजारी बसायला बायका कां-कूं करत, पण तिचं लक्ष एकाच जागेवर. एकदा गीत चालू असताना पोर किरकिरल्याचं निमित्त करून ती उठली, आणि परत येऊन बसली ती नेमकी धुरपताबाईच्या उजव्या हाताला. आता धुरपताबाई तिच्या डाव्या हाताला. तिची पाळी आली.

“प्रभू,” इंदू म्हणाली, “आमच्या धुरपताबाईंना सांभाळ. नाव मी घेते, कारण आडून बोलायची मला सवय नाही. त्यांचे पाय थकले, गुडघे थकले, एक जीभ तेवढी थकत नाही. तिला विसावा दे. प्रभू, गेल्या नाताळात मंडळीच्या जेवणातला शिरा पदराखाली कोणी नेला हे कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं. तू पाहिलंस. आणि मीही पाहिलं.”

चटईवर कुणाला तरी खोकला फुटला, तो खोकला नव्हता. मानीबाईनं पदर तोंडात कोंबला. “आमेन!” सगळ्यात मोठ्यानं म्हणाली ती धुरपताबाई. सभा मोडल्यावर चटईची गुंडाळी करता करता ती इंदूला म्हणाली, “चांगली केली प्रार्थना. आवाज जरासाक पोटातून काढत जाय. मांगच्या बायायले शिरा ऐकू आला नसन.”

इंदू घरी आली ती पेटून. वार केला होता, पण लागला कुठं? तेव्हा तिच्या ध्यानात आलं की अख्खा आठवडा आता धुरपताबाई तिची वाटणी आहे. म्हणजे दुसरं कोणी तिकडं फिरकणार नाही. तिनं ठरवलं, जायचं नाही. घागर नाही, विचारपूस नाही. एकटं टाकणं म्हणजे काय ते कळू दे जरा.

मागच्या दारातून प्रार्थनाघराच्या मागचं छप्पर दिसे. धुरपताबाईच्या चुलीचा धूर त्याच्यातून निघे. आधी तो रोजच्यासारखा दिसला. मग एका सकाळी दिसला नाही. इंदूला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, पोरीला पेज भरवताना ती गुणगुणत होती. नळावर मानीबाईनं विचारलं, “धुरपताबाई दिसली नाई व?”

“माझ्या वाटणीला आहेत,” इंदू म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मानीबाई घागर उचलून निघून गेली. नेम म्हणजे नेम.

संध्याकाळीही धूर नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी नाही. धुरपताबाईची शेळी बांधल्या जागी ओरडून ओरडून घोगरी झाली. इंदू मागच्या दारात उभी राहिली, आत आली, परत गेली. आणि तिच्या डोळ्यांपुढं धुरपताबाईची मयत उभी राहिली. फुलं टाकलेली पेटी, पाळकसाहेबांचा भरून आलेला गळा, “थोर सेविका” वगैरे शब्द, मानीबाईचं हुंदके देणं. धुरपताबाई संतीण होऊन मातीत जाणार आणि ‘मिरगी’ हा शब्द वर राहणार, जमनीच्या कपाळावर, कायमचा. मेलेल्या बाईला त्याच जागी परत उभं कोण करणार?

“मरते काय फुकटात!” असं म्हणून तिनं पोर काखेला मारलं आणि ती पळत सुटली. दया येऊन नव्हे, हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढं राजूरला सगळे तसंच समजले.

दार लोटलेलं होतं. धुरपताबाई मोरीजवळ पडली होती, एक पाय वाकडा, कपाळ तापलेलं. पाण्याचा माठ हातभर अंतरावर, आणि तिथवर सरपटत गेल्याचा ओरखडा जमिनीच्या सारवणावर उमटलेला. ओठांना भेगा पडल्या होत्या.

“कोण? वाटणीवाली?” ती पुटपुटली. “लवकर आली व, माय.”

“मरू नका,” इंदू म्हणाली.

“तुह्या परवानगीनं मरू काय मी?”

“हो. माझ्याच.” तिनं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजायला सुरुवात केली. “आधी माफी, मग मरण.”

“मंग त लय जगतो मी,” धुरपताबाई म्हणाली, आणि शुद्ध हरपली.

इंदूच्या हाकेनं धावत आलेल्या खैरुनबीनं जफरला निरोप धाडला. खाणीची गाडी घेऊन तो आला आणि गादीसकट उचलून तिला वणीला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय लाकडी फळ्यांत बांधून तिला परत आणलं, आणि डॉक्टर म्हणाले, या वयात अशा दुखण्यातून माणूस उठतंच असं नाही. इंदूनं ते ऐकलं आणि कंबर कसली. शुक्रवारची सभा आता धुरपताबाईच्या खाटेभोवती भरू लागली; इंदू दर खेपेला तिच्या उजवीकडची जागा धरून बसे, म्हणजे वाटणी बदलायला नको. बायका कौतुकानं बघत. केवढा हा ख्रिस्ती स्वभाव! पाळकसाहेबांनी दोनदा उपदेशात दाखला दिला. इंदू मनात म्हणे, थांबा, तुम्हालाही कळेल.

सकाळी कण्या, दुपारी भाताची पेज. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तेल. आणि प्रत्येक घासाला एकच प्रश्न.

“म्हणता का?”

“मीठ कमी आहे.”

“मी चुकले, एवढंच म्हणायचं आहे.”

“चुकलीच तू. मीठ कमी आहे.”

कधी इंदू चिडून शास्त्र उघडी आणि सूडाचे, शापाचे अध्याय हुडकून मोठ्यानं वाची. धुरपताबाई डोळे मिटून ऐके. एखादी ओळ इंदूनं गाळली, की तिथंच बोट ठेवल्यासारखी म्हणे, “मधातलं काहून सोडलं? तेच त झोंबते.” आणि ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवी. कधी हंसाबाई येऊन उंबऱ्यावर बसे आणि म्हणे, “तुम्ही दोघी भांडून राह्यल्या का प्रार्थना करून राह्यल्या, आंधीच सांगत जा व. म्या हात जोडाचे का कमरेले लावाचे?”

जमनी तोवर रांगू लागली होती. एक दिवस ती खाटेला धरून उभी राहिली आणि धुरपताबाईच्या छातीवर चढली. गळ्यातला ताईत तिच्या तोंडापुढं लोंबला. धुरपताबाईनं तो दोन बोटांत धरला. इंदूनं हातातलं भांडं खाली ठेवलं. आज एक शब्द निघाला तर ती काय करील ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

“दोरा मळला आहे,” धुरपताबाई म्हणाली. “धुवून टाक. लेकराची मान खाजवन.”

अखेर ती बसती झाली. रविवारी जफर आणि सेवादासनं तिला खुर्चीसकट उचलून प्रार्थनाघरात नेलं. जफर दाराबाहेर वहाणांजवळ उभा राहिला. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उघड सांगायची, साक्षीची वेळ आली, आणि धुरपताबाईनं हात वर केला. इंदू पुढं सरकून बसली. हीच ती जागा, हाच तो आवाज.

“एका संदेष्ट्याले देवानं रानात उपाशी मरू देल्लं नाही,” धुरपताबाईनं सुरुवात केली. “कावळ्याच्या चोचीत भाकर देऊन धाडली. मलेबी धाडली. कावळा कायाच राहते, भाऊ. काव काव करते, चोच मारते. पण भाकर आणते. प्रभूची स्तुती असो.”

“हालेलूया!” मंडळी गरजली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि सांगितलं की इंदुताईंची ही सेवा बघून वडीलधाऱ्यांनी ठरवलं आहे, बालिकेचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी व्हावा, त्यांनी प्रभुभोजनालाही यावं. सगळं विसरलं गेलं आहे.

इंदू उभी राहिली. “मी विसरले नाही,” ती म्हणाली. आवाज पोटातून आला. “माझ्या मुलीला मिरगी नाही. ज्या तोंडानं ती दिली, त्याच तोंडानं परत घेतल्याशिवाय मी तिला पुढं आणणार नाही. वर्ष लागो, दहा लागोत. कावळा थांबेल.”

सेवादासनं खाली ओढलं तेव्हा ती बसली. धुरपताबाई समोर बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर हसू होतं की कळ होती, ते इंदूला ओळखता येईना.

सोमवारी इंदू पेज घेऊन गेली आणि वाटी भरू लागली. मग धुरपताबाईच म्हणाली, “काल म्हणून टाकलं असतं त आज तू आली असती काय?”

इंदूला खोटं बोलता आलं असतं. “नसते आले,” ती म्हणाली.

“मंग कायले म्हणू?”

वाटी चुलीवर आदळावी असं इंदूला झालं. इतके महिने हिचं अंग पुसलं, हिची घाण काढली, ती हिला गुडघ्यावर आणायला. आणि ही बाई खाटेवर पडल्या पडल्या तिलाच दोरीला बांधून बसली होती! “माझ्या पोरीच्या नावावर तुम्ही तुमची सोबत राखता?” ती ओरडली. “लाज वाटत नाही?”

“वाटते,” धुरपताबाई म्हणाली. “पण एकटीनं मोरीजोळ पडलं की लाज लवकर सुकते. तुले नाही कळाचं. देव करो, न कळो.”

त्या संध्याकाळी इंदू आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, भांडी आपटत. पेजेत मीठ जास्त टाकलं होतं, मुद्दाम. धुरपताबाई ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

पुढच्या वर्षी सेवादासची बदली चांद्याकडच्या खाणीवर झाली. सामान ट्रकवर चढलं, खैरुनबी रडून घेत होती, आणि इंदू जमनीला घेऊन प्रार्थनाघरामागं गेली. धुरपताबाई काठी धरून दारात उभी होती. “आता तरी,” इंदू म्हणाली. “आता तर मी येणारच नाही. राखायला काही उरलं नाही.”

धुरपताबाईनं पोरीच्या गालाला हात लावला. तोंड उघडलं. मग मान हलवली. “तिचा बाप्तिस्मा इथंच करशीन,” ती म्हणाली. “तवा भरल्या मंडळीत म्हणीन. ये तिले घेऊन.”

अजून जाणं झालेलं नाही. पोर तीन वर्षांची झाली. झटके गेले, ताईत आहे. मंडळीतलं नाव अजून इंदूच्या पोटातच आहे. राजूरहून येणारे सांगतात की बऱ्याच ख्रिस्ती घरांच्या बदल्या झाल्या, मानीबाईही गेली, शुक्रवारची सभा कधी भरते कधी नाही. चटईच मोडली तर धुरपताबाईच्या उजव्या हाताला बसतं कोण? इंदू विचारते, तर कोणाला नीट सांगता येत नाही. “असन, आहे वाटते,” म्हणतात.

तर बायांनो, ही गोष्ट वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचं वणीकडं जाणं झालं, तर तेवढी वाट वाकडी करा. राजूरच्या प्रार्थनाघराच्या मागची खोली. हाक मारून उत्तर आलं नाही तरी दार लोटून आत जा. आधी पाणी भरून द्या, मग बोला. ती तुम्हाला टोमणा मारील. मारू द्या, मारला म्हणजे तब्येत बरी आहे. कोणी पाठवलं विचारलं तर सांगा, इंदूनं. सांगा की ती माफीची वाट बघतेय आणि तोवर मरायची परवानगी नाही. तिच्या वतीनं तुम्ही माफ करून टाकू नका, ते तुमचं काम नव्हे. तुम्ही फक्त जा, आणि धुरपताबाई आहे का, एवढं बघून या.